केवळरामने न उचललेली टोपली

अड्याळात कोणी गेलं की पहिला निरोप नातेवाइकांना जायचा, दुसरा लाकडं फोडणाऱ्याला आणि तिसरा केवळरामला. पहिल्या दोघांना धावत. केवळरामला सावकाश, वाटेत विडी ओढत सांगितलं तरी चालायचं, कारण त्याचं काम तिसऱ्या दिवसानंतरचं.

काम असं. माणसानं जिथं शेवटचा श्वास सोडला ती जागा शेणानं सारवायची, तिच्यावर तांदळाचं पीठ चाळणीनं पातळ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि पिठावर टोपली पालथी घालायची. रात्री मेलेला माणूस एकदा घरी येऊन जातो आणि पुढच्या जन्मी तो जो कोणी होणार असेल त्याचं पाऊल पिठावर ठेवून जातो, अशी समजूत. सकाळी टोपली उचलायची आणि ते पाऊल वाचायचं. वाचायचं ते केवळरामनं.

हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं. तरुणपणी एकदा शेजारच्या घरी टोपली उचलली गेली, पिठावर काहीतरी खरवडल्यासारखं होतं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे होते, आणि केवळरामला बैल पाण्यावर न्यायची घाई होती. "चिमणी आहे न," तो म्हणाला आणि निघाला. मागे घरातल्या बाया मोकळेपणानं रडल्या. गेलेल्या म्हातारीला आयुष्यभर घरातून कोणी बाहेर पडू दिलं नव्हतं. चिमणी तिला शोभून दिसली. तेव्हापासून पावलं केवळरामकडे आली ती आलीच.

तो मूर्ख नव्हता. घरात कोठीभर धान आणि रात्री जमिनीवर पसरलेलं पीठ म्हटल्यावर मेलेल्या माणसाच्या आधी उंदीर येणार हे त्याला कळत होतं. पण त्याचं वाचणं पिठावर नसायचंच. आदल्या संध्याकाळी तो त्या घरी जाऊन भिंतीला टेकून बसायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि घरचे काय बोलतात ते ऐकायचा. सकाळी मग ज्याला जे हवं ते निघायचं. खाष्ट सासूच्या घरी तिघी सुना श्वास रोखून उभ्या होत्या, तिथं त्यानं सांगितलं, "बगळा. लांबचा आहे. पुन्हा इकडं येत नाही." पाटलाच्या घरी सगळ्यांना साप निघायची भीती होती, तिथं मुंगूस निघालं. आणि एका घरी दोन वर्षांची पोर गेली होती तेव्हा तो पिठाकडे बराच वेळ बघत बसला, नंतर हळूच म्हणाला, फुलपाखरू. त्या दिवशी त्या पोरीची आई जेवली.

त्याचं स्वतःचं सारं बेतानं होतं. बोडीखाली, गावच्या लहान तळ्याच्या पाण्यावर, थोडं धानाचं शेत, दोन बैल, आंबागडला दिलेली एक मुलगी आणि बायको रुखमिणी. रुखमिणीला एकच शौक, सिनेमा. पवनीला टिनाच्या शेडमध्ये एक टॉकीज होती. बाजाराच्या दिवशी तिथं तीनचा खेळ लागायचा. दोघं सकाळच्या एसटीच्या गाडीनं जायची, बाजार करायची आणि तीनला टॉकिजीत शिरायची. तो पुरुषांत, ती बायांत, मधे कमरेएवढी भिंत. अंधार झाला की केवळराम झोपायचा. पहाटेपासून शेतात वाकलेल्या माणसाला कोणी खुर्चीवर बसवून दिवा मालवला तर तो दुसरं काय करणार? भिंतीपलीकडून रुखमिणीला त्याचं घोरणं ऐकू यायचं आणि ती शेजारणींना सांगायची, बाजा आमच्या घरचा आहे.

परतताना गाडीत ती त्याला गोष्ट सांगायची, शेवटासकट. केवळरामला त्यामुळे सिनेमा फार आवडायचा. त्याच्या मते सिनेमावाले मोठ्या मनाचे लोक होते. दरीत उडी मारलेले प्रेमिक झाडाला अडकायचे आणि मेंढपाळ त्यांना दोर टाकून वर काढायचा. दरोडेखोर सुधारून पिठाची गिरणी टाकायचा. आंधळ्या आईला मुलगा आवाजावरून नाही, जेवताना दरवेळी वरून मीठ मागतो त्यावरून ओळखू यायचा. गावात कोणी म्हणालं की त्या सिनेमात तर दोघंही मरतात, तर केवळराम त्याच्याकडे दयेनं बघायचा. नीट पाहत नाहीत लोक.

आश्विनात रुखमिणीला ताप आला आणि धान कापायच्या आत ती गेली.

तिसऱ्या दिवशी मुलीनं जागा सारवली, पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली घातली. सकाळी माणसं जमली आणि नेहमीप्रमाणे केवळरामकडे बघायला लागली. तोही बघायला लागला, पण त्यांच्याकडे. त्याला वाटलं, आता कोणीतरी पुढे होईल, टोपली उचलेल आणि म्हणेल, केवळराम, हे असं असं आहे. कोणी पुढे झालं नाही. इतक्या वर्षांत गावात दुसऱ्या कोणी हे काम शिकूनच घेतलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. आणि स्वतःच्या घरी भिंतीला टेकून बसून तो स्वतःचं काय ऐकणार? त्याला हवं ते निघालंच असतं, पण ते त्यानंच काढलेलं असतं.

"अजून वेळ नाही झाली," तो म्हणाला. या विषयात त्याच्या शब्दापुढे जाणारा कोणी नव्हता. माणसं गेली, मुलगीही तेरवी करून आंबागडला गेली. टोपली राहिली.

धान कापून झालं, चुरून झालं, कोठीत पडलं, टोपली तिथंच. माजघराच्या मध्यात टोपली असलेल्या घरात राहायची केवळरामला सवय झाली. तो तिला वळसा घालून चुलीकडे जायचा, वळसा घालून परत यायचा. केर काढायचा तो टोपलीभोवती गोल. भात दोघांचा रांधायची हाताची सवय गेली नव्हती, त्यामुळे रोज उरायचा आणि सकाळी शिळा खावा लागायचा. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर टोपलीची सावली घराएवढी व्हायची, आणि तो तिच्याकडे पाठ करून जेवायचा. शेजारची कुंताबाई अधूनमधून दारातून डोकावायची. ती विधवा, रुखमिणीच्याच माहेरगावची, तिची सिनेमाची सोबतीण, आणि जिभेची अशी की बैलही तिला वाट द्यायचे. "भाऊजी, अंडे उबवता का काय टोपलीखाली?" असं विचारून जायची. केवळराम टोपलीभोवतीचा केर गोळा करत राहायचा. रुखमिणी कुठं गेली एवढंच त्याला हवं होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून हवं होतं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माघात पवनीच्या टॉकिजीला एक सिनेमा लागला आणि त्यानं अड्याळात भांडणं लावली.

सिनेमात एक म्हातारा असतो आणि त्याची म्हातारी असते. मध्यंतराच्या आधी म्हातारी मरते. मध्यंतरानंतर म्हातारा काहीच करत नाही. नुसता नदीकाठी जाऊन बसतो. मारामारी नाही, मुजरा नाही. शेवटी एका सकाळी वाळूवर त्याची पावलं दिसतात, ती पाण्याकडे जातात. मग त्यांच्या शेजारी आणखी पावलं दिसायला लागतात. मग पडदा पांढरा होतो आणि पांढराच राहतो. "समाप्त"ची पाटीसुद्धा नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं रीळ तुटलं. शिट्ट्या झाल्या, दोन-चार चपला पडद्यावर गेल्या. पडद्याशेजारचा दरवाजा उघडला आणि बाहेरचं ऊन आत आलं तेव्हा कळलं की संपला.

अड्याळात डोमाच्या चहाच्या हॉटेलात दोन पक्ष झाले. डोमाचं म्हणणं म्हातारा पाण्यात गेला आणि मेला, विषय संपला. वासुदेवराव मास्तरांचं म्हणणं, त्याचा इतका सरळ अर्थ घ्यायचा नसतो. पांढरा पडदा म्हणजे आत्मा. डोमानं विचारलं, आत्मा तर मग तिकीट कायचं घेतलं? सलग चार संध्याकाळी हेच. तेव्हा कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं की शेवटी पावलंच दिसतात न? तर मग पावलं वाचणारा गावात असताना आपण कायले भांडून राहिलो?

सगळ्यांना हे एकदम पटलं. मास्तरांनाही पटलं, हे विशेष. वाळू काय आणि पीठ काय. शेजारची पावलं कोणाची आहेत, बाईची, पाखराची की आणखी कोणाची, एवढं केवळरामनं सांगितलं की निकाल लागला. सारे उठून त्याच्या घरी गेले.

केवळराम आधी नाही म्हणाला. रुखमिणी गेल्यापासून तो पवनीच्या बाजारालाही गेला नव्हता. पण डोमानं दारात बसून सिनेमाची गोष्ट सांगितली, आणि म्हातारी कुठं गेली हे शोधायला म्हातारा नदीवर बसतो हे ऐकल्यावर केवळराम टोपलीकडे बघायला लागला. त्याच्या मनात आलं, मुंबईचे एवढे मोठे लोक, एवढी यंत्रं, एवढा खर्च. सिनेमा काढायच्या आधी त्यांनी कुठंतरी चौकशी केलीच असेल. कोणाला तरी माहीत असल्याशिवाय कोणी गोष्ट सांगायला बसत नाही. येतो, तो म्हणाला.

बाजाराच्या दिवशी अर्धं अड्याळ गाडीत होतं. टॉकिजीत लोकांनी केवळरामला पुढच्या बाकावर बसवलं, पावलं जवळून दिसावीत म्हणून. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे बाया बसत होत्या. कुंताबाईचा आवाज येत होता. अंधार झाला. मागच्या बाकावरून डोमानं पाठीत बोट खुपसलं, झोपू नका म्हणून. पण त्याची गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा केवळराम सिनेमात जागा होता.

त्याला नवलच वाटलं. किती हळू चालतं हे सगळं. म्हातारी मेली तेव्हा बायांच्या बाजूनं हुंदके आले आणि त्याला वाटलं, रुखमिणी इथं किती वेळा रडली असेल, आणि आपण पलीकडे बाजा वाजवत होतो. म्हातारा वाळूवर बसला. बसूनच राहिला. लोक कंटाळून शेंगा फोडायला लागले, केवळराम मात्र कंटाळला नाही; तसं बसणं त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं. मग ती सकाळ झाली. पावलं आली. डोमानं पुन्हा बोट खुपसलं. केवळराम पुढे झुकला, डोळे बारीक केले. शेजारची पावलं उमटायला लागली आणि नीट दिसायच्या आत पडदा पांढरा झाला. चाळणीनं नुकतं पसरलेल्या पिठासारखा, एकही खूण नसलेला.

तो तसाच बसून राहिला. म्हणजे यांनाही माहीत नव्हतं. मुंबईवालेही टोपलीपर्यंत आले आणि थांबले.

बाहेर पडताच लोकांनी त्याला घेरलं, पण गाडीची वेळ झाली होती, सगळे पळाले. पोहोचेपर्यंत गाडी भरलेली. डोमा आणि मास्तर तरुण पायांमुळे आत घुसून बसले. केवळराम मागे, वरच्या दांडीला लोंबकळत उभा राहिला. त्याच्या पायाशी भाजीच्या पोत्यावर कुंताबाई टेकली. गाडी हलली तसा डोमानं समोरून आवाज टाकला की सांगा आता, काय दिसलं? अख्खी गाडी मागे वळली.

तेवढ्यात पोत्यावरून कुंताबाई बोलली.

"त्यायले काय विचारून राहिले? जिंदगीत कोणता सिनेमा पुरा पाह्यला त्यायनं?"

"झोप लागत होती मले," केवळराम म्हणाला. "पण शेवट सारे माहीत आहेत. रुखमिणी सांगत होती न."

कुंताबाई हसली. वाईट नाही, पण हसली.

"तिनं तरी कोणता शेवट पाह्यला, भाऊजी? शेवट व्हायच्या आधीच उठून जात होती ते."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? इथं. गाडीत. गाडी भरून जाते न. तुम्ही दिवसभराचे थकलेले, उभं राहून कसे येतीन म्हणे. तुमचा दुपट्टा सीटवर टाकून बसून राहे. तुम्हाले कधी उभं राहा लागलं का आजपर्यंत?"

केवळरामनं आठवून पाहिलं. नव्हतं लागलं. जाग यायची, लोक उठत असायचे, तो डोळे चोळत गाडीकडे जायचा आणि खिडकीजवळ रुखमिणी बसलेली असायची, शेजारची जागा रिकामी. बायांचा दरवाजा आधी उघडत असेल, एवढाच विचार त्यानं इतक्या वर्षांत केला होता.

"मंग ते शेवट?" त्यानं विचारलं.

"ते तिचे. मी मागून येत होती तर मले विचारे, कुंते, काय झालं ओ शेवटी? मी सांगो, मेले दोघंही. तर म्हणे, नको बाई, मेले म्हणून नाही सांगत मी त्यायले. गावातल्या साऱ्या मयती त्यायच्याच डोक्यावर आहेत." कुंताबाईनं पदर सारखा केला. "मंग तुम्ही येईपर्यंत बसल्या बसल्या जुळवे काहीतरी."

गाडीत कोणी हसलं नाही. डोमाचं तोंड उघडं होतं ते त्यानं मिटलं. केवळरामला मेंढपाळ आठवला, त्याचा दोर आठवला, पिठाची गिरणी आठवली. इतकी वर्षं तो घरोघरी लोकांना चिमण्या आणि फुलपाखरं वाटत फिरला, आणि त्याच वर्षांत एक बाई बाजाराच्या दिवशी त्याच्यापुरतं तेच काम करत होती. त्याला पत्ताही नव्हता. दांडीला लोंबकळत त्यानं दुसऱ्या हातानं खांद्यावरचा दुपट्टा तोंडावरून फिरवला.

बऱ्याच वेळानं मास्तरांनी, जरा दबक्या आवाजात, पुन्हा विचारलं. शेवटचं काय ते सांगून टाका केवळरामजी, लोक थांबले आहेत.

"ते बुढी उठून पुढं गेली," केवळराम म्हणाला. "गाडी भरायच्या आधी. बुढ्याले झोप लागली होती, त्यानं पाह्यलं नाही. एवढंच."

"पण सिनेमात गाडी कुठं होती?" मास्तर म्हणाले.

"बसा न मास्तर चूप," डोमा म्हणाला.

कोणीतरी विचारलं की मग म्हातारा जिता की मेला, आणि म्हातारी गेली ती कुठं. केवळराम म्हणाला, ते मले माहीत नाही. गावानं त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं आणि गाव नाराज झालं. एवढं तिकीट काढून, एवढा माणूस नेऊन निकाल नाहीच. डोमानं उठून त्याला आपली जागा देऊ केली. तो बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन माजघरात आल्यावर, त्यानं टोपली उचलली. खाली काही नव्हतं. पीठसुद्धा नव्हतं. चार महिन्यांत मुंग्यांनी ते कणाकणानं वाहून नेलं होतं आणि मुलीनं सारवलेली जागा स्वच्छ उरली होती, तिच्या बोटांच्या कमानींसकट. केवळराम तिथं उकिडवा बसला, टोपली गुडघ्यांवर धरून. आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण वाचायला काही नसलेल्या जागेकडे बघून त्याला उलट जरा सुटल्यासारखं झालं. रुखमिणी कशातही पाऊल न उमटवता गेली होती. ती अशीच जायची. भिंतीपलीकडून कधी उठायची ते कळायचंसुद्धा नाही, त्याची झोप मोडू नये म्हणून.

कुंताबाई दारात आली. "काय निघालं?"

"काहीच नाही."

"बरं झालं. उंदीर निघता तर घरभर बिळं असती." आणि ती टोपली मागून घेऊन गेली, तिच्या कोंबड्यांना कमी पडत होती.

पुढे केवळराम आठ-नऊ वर्षं होता. बोलावलं की लोकांकडे जायचा, आदल्या संध्याकाळी भिंतीला टेकून बसायचा आणि चहा प्यायचा. पण सकाळी आपण काही म्हणायच्या आधी घरच्यांनाच विचारायला लागला, तुम्हाले काय वाटते? हे लोकांना फारसं आवडलं नाही. चिमण्या-बगळ्यांची बात वेगळी होती, असं म्हातारी माणसं म्हणायची.

बाजाराच्या दिवशी मात्र तो पवनीला जायला लागला. सिनेमात आता झोप यायची नाही. खेळ संपायला थोडा वेळ राहिला की तो हळूच उठायचा, गाडीवर जायचा आणि खिडकीतून दुपट्टा टाकून दोन जागा धरायचा, एक स्वतःची, एक कुंताबाईची. तिला उभं राहून गुडघे दुखायचे. ती मागून यायची, धाप टाकत बसायची, आणि तो विचारायचा, काय झालं शेवटी?

"मेला," कुंताबाई सांगायची. नाहीतर, "लग्न झालं." नाहीतर, "काय माहीत, नाचून राहिले होते." आणि पोत्यावर पाय ठेवून डोळे मिटायची. तिच्यात काही जुळवायची वृत्तीच नव्हती.

मग केवळराम खिडकीबाहेर बघत स्वतःच बसायचा जुळवत. धानाच्या बांध्या, बांध घातलेली खाचरं, मागे जायच्या, एखादी बोडी चमकून जायची. मेलेला माणूस नदीतून वर कसा काढायचा, नाव कोणाची आणायची, त्याला घरी ओळखायचं कोणी, हे सगळं तो सावकाश लावायचा. रुखमिणीइतकं त्याला जमायचं नाही. त्याचा मेंढपाळ नेहमी उशिरा पोहोचायचा. पण अड्याळ येईपर्यंत काहीतरी बरं हाताशी लागलेलं असायचं. कुंताबाईला जागं करून तो तिचं पोतं खाली उतरवायचा, आपली पिशवी घ्यायचा, घरी येऊन कुलूप काढायचा आणि अंधारात क्षणभर दारातच थांबायचा, शेवट तयार असलेला, आणि सांगायला घरात कोणी नसलेलं.